हार्वेस्टर ठरवण्याआधी टेप घेऊन गावी जा

गणपती उरकले की मला ठरलेले फोन येऊ लागतात. कुणी भांडुपचा, कुणी लालबागचा, कुणी बोरिवलीचा. "गावाला मजूर मिळत नाहीत, यंदा भात हार्वेस्टरनेच काढायचंय. कुठला बरा?" मी उलट विचारतो, तुमच्या शेतात शिरायची वाट किती फुटांची आहे? मग पलीकडून काही वेळ फक्त लोकलचा आवाज येतो.

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. आधी किंमत, मग एचपी, मग अनुदान, आणि शेत सगळ्यात शेवटी. मीही तेच केलं होतं. पेणजवळच्या आमच्या साडेतीन एकरांसाठी मुंबईत बसून, फोनवर, टायरचा चौदा फुटी (म्हणजे पुढची कापणारी पट्टी, कटर बार, चौदा फुटांची) हार्वेस्टर ठरवला. तो घाट उतरून आला आणि शेतापासून तीनशे मीटरवर साकवापाशी थांबला. साकव आठ फुटी. ड्रायव्हरने खाली उतरून पाहिलं, डोकं खाजवलं आणि गाडी वळवली. आगाऊ दिलेले पैसे गेले, पाठोपाठ परतीचा पाऊस आला आणि उभं भात लोळलं. म्हणून खालचा क्रम. तो पाळा, उड्या मारू नका. यात मुख्यतः पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडची भातशेती धरली आहे. देशावर सोयाबीन, हरभरा, गहू असणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे वेगळं लिहिलं आहे.

## १. मुंबईतून निघण्याआधीचं काम

सातबारा ऑनलाइन काढा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठाच. १.४२.०० लिहिलं असेल तर १ हेक्टर ४२ आर, सुमारे साडेतीन एकर. त्यातला पोटखराबा (लागवडीखाली न येणारी जमीन) वजा करा आणि यंदा प्रत्यक्ष लावणी किती झाली ते गावातल्या माणसाला विचारा. यंत्राला लावलेल्या क्षेत्राशी काम असतं, सातबाऱ्याशी नाही.

मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून नकाशा पाहा आणि मोबाइलच्या सॅटेलाइट नकाशावर तोच भाग शोधा. गटाची हद्द एक असते, आत खाचरं आठ-दहा असतात. ती मोजा, कागदावर चौकटी काढून १, २, ३ असे आकडे द्या. डांबरी रस्त्यापासून पहिल्या खाचरापर्यंतची वाट रेषेने काढा. मध्ये ओढा, साकव, कुणाचं कुंपण, विजेची तार जे दिसेल ते टिपा.

गावी काका, वहिनी, शेजारी, जो कुणी शेत बघतो त्याला फोनवर चारच गोष्टी विचारा: जात कुठली, लावणी कधी झाली, भात उभं आहे की लोळलंय, शेतात पाणी आहे का.

थांबा. या टप्प्यावर कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका. "सीझन आहे, बुकिंग भरतंय" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल.

## २. टेप घेऊन फेरी

एक शनिवार मोडा. पन्नास किंवा शंभर फुटी टेप, वही, गमबूट बरोबर घ्या. चार मापं लागतात.

वाटेतली सगळ्यात अरुंद जागा. सरासरी रुंदी घेऊन उपयोग नाही. साकव, दोन घरांमधली बोळ, गडग्यातला दरवाजा, आंब्याची खाली आलेली फांदी, जी जागा सगळ्यात अडचणीची तिचं माप लिहा. पट्ट्यावर चालणारा छोटा हार्वेस्टर साधारण सोळा फूट लांब आणि सात-साडेसात फूट रुंद असतो. त्याला नऊ फूट मोकळी वाट हवी. टायरचा मोठा हार्वेस्टर पुढचा कटर बार काढून ट्रॉलीवर वेगळा आणला तरी अंगाने नऊ-दहा फूट भरतो. उंचीही बघा, लोंबणारी तार सगळ्यात आधी.

साकवाची रुंदी पुरली तरी ताकद पुरेल असं नाही. छोटं पट्ट्याचं यंत्र तीन टनांच्या आसपास, मोठं टायरचं आठ-नऊ टनांच्या घरात. त्या साकवावरून भरलेला वाळूचा ट्रक कधी गेलाय का, हे गावात विचारा. इंजिनिअरच्या दाखल्याइतकं ते खात्रीचं नाही, पण ट्रक गेला नसेल तर मोठ्या यंत्राचा विषय तिथेच संपतो.

खाचराची रुंदी. पाच गुंठ्यांचं खाचर कित्येकदा ४० फूट बाय १३६ फूट असं लांबट असतं. चौदा फुटी कटर बारचे त्यात पुरते तीन फेरे होत नाहीत, आणि पंचवीस फूट लांबीचं धूड ४० फुटांत वळवायचं म्हणजे अर्धं भात चाकाखाली. पट्ट्याचं यंत्र जवळजवळ जागच्या जागी वळतं. माझा ठोकताळा: ज्या खाचराची कमी बाजू ६० फुटांच्या आत, तिथे टायरच्या मोठ्या यंत्राचा विचार करू नका. २० फुटांच्या आत असेल तर कुठल्याच हार्वेस्टरचा करू नका, ते खाचर विळ्याने किंवा रीपरने (नुसतं कापणाऱ्या छोट्या यंत्राने) काढा.

बांधाची उंची. फूटभर बांध पट्ट्याचं यंत्र सरळ, बांधाला काटकोनात, हळू चढतं. दीड-दोन फुटांचा असेल तर मातीचा उतार किंवा जाड फळ्या लागतात. तिरपं चढवलं तर उलटण्याची भीती असते. बांध फोडून वाट करायची असेल तर शेजाऱ्याशी कापणीच्या दिवशी नव्हे, आत्ताच बोला. बांधावरून भावाभावांत कोर्ट झालेली उदाहरणं प्रत्येक गावात आहेत.

सगळ्यात ओला कोपरा. याच्यावर पुढचा टप्पा.

तपासा. कागदावरच्या प्रत्येक खाचरासमोर लांबी, रुंदी, बांध आणि "ओलं/सुकं" लिहिलंय का? एकही रकाना रिकामा असेल तर तो फोनवर भरू नका, परत चालत जा.

## ३. ओल किती?

टायर की पट्टा याचा निकाल इथे लागतो. कापणीच्या अंदाजे तारखेआधी सात ते दहा दिवस पाण्याची तोंडं उघडून खाचर निचरून घ्या. हे सांगायला सोपं आहे. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं, म्हणून वरच्या माणसानेही तेव्हाच सोडायला हवं. शेजारी पंधरा दिवस उशिराचं भात लावून बसला असेल तर तुमचं खालचं खाचर सुकणार नाही.

निचऱ्यानंतर ओल्या कोपऱ्यात जाऊन टाच दाबून उभे राहा. नुसता ठसा उमटला तर टायरलाही चालेल. टाच दोन-तीन इंच रुतली तर पट्टाच हवा. पाऊल घोट्यापर्यंत गेलं तर पट्ट्याचं यंत्रही चिखल चिरत जाईल, जमीन खोल दाबली जाईल आणि पुढच्या वर्षी नांगरताना तुम्हीच शिव्या द्याल. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, ही अडचण जास्त असते. वरून कोरडी पापडी दिसते, खाली लोणी. तिथे टाचेवर विसंबू नका, काठी खुपसून बघा.

हळवी जात ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तयार होते, तेव्हा जमीन ओली आणि परतीचा पाऊस डोक्यावर. गरवी नोव्हेंबरात येते, तोवर खाचरं बरीच सुकतात. म्हणून "आमच्या गावात टायरचा चालतो" हे वाक्य ऐकलंत तर विचारा, कुठल्या जातीत आणि कुठल्या महिन्यात?

## ४. पीक काय सांगतं

भात कापायची वेळ रंगाने ओळखा: लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की. हार्वेस्टरसाठी दाण्यातला ओलावा २० ते २४ टक्के असताना कापणं बरं. फार वाळू दिलं तर कटर बार लागताच दाणे गळतात आणि गिरणीत कणी जास्त पडते. विळ्याने कापून दोन दिवस पसरायची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. हार्वेस्टर कापणी आणि मळणी एका दमात करतो, मधले सुकण्याचे दिवस उरत नाहीत. त्याची सोय शेवटच्या टप्प्यात.

लोळलेलं भात असेल तर रीलची (कटर बारवर फिरून भात आत ओढणाऱ्या चक्राची) उंची आणि पुढे-मागे सरकणं ड्रायव्हरला बसल्या जागेवरून करता येतं का, हे विचारा. लोळण ज्या दिशेला आहे तिच्या उलट दिशेने किंवा आडवं कापावं लागतं, म्हणजे एकाच बाजूने कापत जाऊन रिकामं परत यायचं. वेळ दीडपट धरा.

वाडा कोलमसारखी जात लावणाऱ्यांना एक वेगळी भीती आहे. भाड्याचं यंत्र कालच दुसऱ्याचं जाडं भात काढून आलेलं असतं. त्याच्या टाकीत, ऑगरमध्ये (दाणे पुढे सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये), चाळण्यांवर किलोच्या किलो दाणे अडकलेले राहतात. तुमच्या बारीक तांदळात ते मिसळले की भाव गेला. टाकी रिकामी करून, खालची झाकणं उघडून, यंत्र दोन मिनिटं मोकळं चालवून घ्या. पहिलं पोतं वेगळं ठेवा आणि बियाण्यासाठी वापरू नका.

देशावरच्यांसाठी थोडक्यात. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, म्हणून कटर बार जमिनीच्या चढउताराप्रमाणे खाली-वर होणारा हवा. भाताचा ताठ कटर बार त्यात शेंगा सोडत जातो. दाण्याचं साल पातळ असल्याने मळणी करणाऱ्या ड्रमचे फेरे कमी आणि ड्रम व त्याच्या जाळीतली फट जास्त लागते. बियाण्याचं सोयाबीन मात्र हार्वेस्टरने काढू नका. साध्या मळणी यंत्रावर मिनिटाला ३५०-४०० फेऱ्यांवर काढलेलं बी जास्त उगवतं. हरभरा हार्वेस्टरने काढायचा असेल तर निर्णय पेरणीच्या वेळीच व्हायला हवा. राहुरीच्या फुले विक्रमसारखी उंच वाढणारी जात असेल तर यंत्र चालतं. पसरट, बुटक्या जातीत खालचे घाटे शेतातच राहतात. गहू सगळ्यात सोपा, त्यात टायरचा चौदा फुटी बिनधास्त.

## ५. पेंढा हवा की नको?

हा प्रश्न मुंबईकर हमखास विसरतात, कारण गुरं गावातल्या माणसाची असतात. साधा हार्वेस्टर पूर्ण रोपटं पोटात घेतो आणि मागून पेंढा चेंगरून, तुकडे करून टाकतो. त्याच्या पेंड्या बांधता येत नाहीत, उडवी रचता येत नाही. तुमचं शेत बघणारा माणूस मजुरीऐवजी पेंढ्यावर समाधानी असेल, तर हार्वेस्टर आणून तुम्ही त्याची मजुरीच कापताय. आधी त्याला विचारा. पेंढा विकत घेऊन त्याच्या गोठ्यात टाकायला किती पडेल तो आकडा तुमच्या हिशेबात धरा.

लोंबीच तेवढी आत घेऊन पेंढा अखंड बाहेर सोडणारी यंत्रंही असतात. ती फक्त भातासारख्या पिकाला चालतात, महाग आणि दुरुस्तीला नाजूक. गावाजवळ कुणाकडे आधीपासून असेल तर भाड्याने घ्या, स्वतः घेण्याच्या फंदात पडू नका.

पेंढा महत्त्वाचा असेल तर सरळ रीपर बरा. पायी ढकलत चालवायचा तीन-चार फुटी रीपर भात कापून एका बाजूला ओळीत आडवं टाकतो, तासाला अर्ध्या एकराच्या आसपास. रीपर बाइंडर पेंड्याही बांधतो. मग झोडणीला मळणी यंत्र. दोन दिवसांचं काम चार दिवसांचं होईल, पण पेंढा जागेवर राहील.

## ६. आता प्रकार ठरवा

एवढं झाल्यावर यंत्र जवळजवळ आपोआप ठरतं.

वाट सात फुटांच्या आत, किंवा खाचरं वीस फुटांची, किंवा पेंढा हवाच: रीपर अधिक मळणी यंत्र. डोंगरउतारावरच्या खाचरांना हाच मार्ग.

वाट नऊ फूट, खाचरं लहान-मध्यम, जमीन ओली: रबरी पट्ट्याचा छोटा हार्वेस्टर, गावाकडच्या भाषेत चेनवाला. कटर बार दोन मीटरच्या आसपास, इंजिन साधारण ६०-७० एचपी. कुबोटा, यानमार, क्लास यांची यंत्रं या वर्गात दिसतात. कोकणातल्या दहातल्या आठ जणांचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. एक त्रास असा की हे डांबरी रस्त्यावरून लांब चालवत नेता येत नाही, पट्टे झिजतात. ट्रकवरून किंवा लोबेडवरून (बुटक्या ट्रेलरवरून) आणायचं, म्हणजे उतरवायला रस्त्याकडेला जागा हवी.

वाट सात ते नऊ फुटांच्या मधे असेल तर फोनवर निकाल लावू नका. यंत्रवाल्याला आधी वाट दाखवा आणि त्याने हो म्हटलं तरच पुढे जा.

मोठी सपाट, सुकी शेतं, गहू-सोयाबीन: टायरचा स्वयंचलित हार्वेस्टर, बारा-चौदा फुटी. प्रीत, करतार, न्यू हॉलंड, जॉन डीअर वगैरे. हा रस्त्यावर स्वतः धावतो, तासाला काम जास्त.

घरचा ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर आहे आणि शेत सपाट आहे: ट्रॅक्टरवर बसवायचा हार्वेस्टर. स्वस्त पडतो, पण तो सीझनभर ट्रॅक्टरला बांधून ठेवतो. त्याच दिवसांत रब्बीची नांगरणी असते. ट्रॅक्टर एकच असेल तर घेऊ नका.

थांबा. दोन प्रकारांत बसतोय असं वाटत असेल तर लहान यंत्र निवडा. मोठ्या शेतात लहान यंत्र उशीर करतं, पण कापतं. लहान शेतात मोठं यंत्र शिरतच नाही.

## ७. किती तास लागतील

सूत्र सोपं आहे. कटर बारची रुंदी मीटरमध्ये, गुणिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, भागिले १०. उत्तर तासाला हेक्टर. दोन मीटर कटर बार आणि ताशी ३ किमी वेग म्हणजे तासाला ०.६ हेक्टर, दीड एकर. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो. वळणं, बांध, टाकी रिकामी करणं, ड्रायव्हरचा चहा यात कोकणातल्या खाचरात निम्मा वेळ जातो. म्हणून पाऊण एकर धरा. आमच्या साडेतीन एकरांना पाच तास.

दरही बघा, तासाने की एकराने? लहान, वाकड्या खाचरांना तासाचा दर तुम्हाला महाग पडतो. म्हणून यंत्रवाला तासाचा सांगेल, तुम्ही एकराचा मागा. एकराचं क्षेत्र कुठल्या मापाने हे आधीच लिहून घ्या, तुमच्या टेपचे आकडे तेव्हाच कामाला येतात. यंत्र बंद पडलेला किंवा चिखलात अडकलेला वेळ कुणाचा, हेही.

## ८. विकत की भाड्याने?

मुंबईत बसून हार्वेस्टर घ्यायचा आणि भावाला चालवायला द्यायचा, असा बेत दर दिवाळीला कुणाच्या तरी घरी शिजतो. आकडे मांडून बघा. खालचे मी धरून चाललोय, तुमच्या भागातले घाला.

समजा यंत्र २५ लाखांचं. दहा वर्षांनी अडीच लाख सुटले तर वर्षाचा घसारा (किमतीतली घट) सव्वादोन लाख. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज सुमारे १ लाख ३८ हजार. विमा, शेड वगैरे ५० हजार. म्हणजे यंत्र शेडमध्ये उभं राहिलं तरी वर्षाला चार लाखांहून थोडं जास्त. आता समजा भाडं तासाला २,५०० मिळतं, त्यातून डिझेल, ड्रायव्हर, मदतनीस, दुरुस्ती मिळून १,३०० गेले. उरले १,२००. चार लाख १३ हजारांना १,२०० ने भागा: ३४४ तास. रोज आठ तास म्हणजे ४३ दिवस, पाऊण एकराच्या हिशेबाने अडीचशेहून जास्त एकर.

कोकणात भात कापायचा मुख्य हंगाम जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा, त्यातले काही दिवस पाऊस खातो. एकाच पिकावर हे गणित तोट्यात जातं. यंत्र नंतर घाटावर किंवा दुसऱ्या जिल्ह्यात फिरवायची तयारी असेल, ड्रायव्हर भरवशाचा असेल, तरच विकत घ्या. साडेतीन एकरांसाठी विकत घेणं म्हणजे कांदेपोह्यांसाठी हॉल घेणं. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून एकाच आठवड्यात यंत्र बोलावलं तर ट्रकचं भाडं वाटून जातं आणि यंत्रवालाही खूश असतो.

तरीही घ्यायचंच असेल तर अनुदानात लोक जिथे अडकतात त्या जागा अशा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या फार्मर आयडीने. मुंबईकरांचा सातबारा बहुधा सामाईक असतो, आजोबांचं नाव अजून तसंच. वारसनोंद आधी करा. अनुदान शेतकऱ्याच्या प्रवर्गानुसार ४० किंवा ५० टक्के, पण ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान मिळत नाही, आणि "आधी घ्या, नंतर बघू" म्हणणारा विक्रेता तेव्हा तुमचा फोन उचलत नाही. मॉडेलचा सरकारी चाचणी अहवाल मागा. कोटेशनवरचा जीएसटीही वाचा: कापणी-मळणी यंत्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

डीलर मुंबईत शोधू नका. गावापासून दोन-तीन तासांवरचा, ज्याच्याकडे मेकॅनिक आणि ब्लेड, पट्टे, साखळ्या शिल्लक असतात, असा शोधा. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीच्या किसान प्रदर्शनात सगळी यंत्रं शेजारी शेजारी उभी असतात. तिथे जाऊन चढा, उतरा, चाळणी स्वतःच्या हाताने काढून बघा, पण तिथे बुकिंग करू नका.

मुंबईत राहण्याचा एक फायदा मात्र आहे. व्ही-बेल्ट आणि बेअरिंगवर नंबर छापलेले असतात. सीझन संपला की ते नंबर वहीत उतरवा आणि पुढच्या सीझनआधी नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर मारून जोडी जोडी आणून ठेवा. ऐन कापणीत सव्वाशे किलोमीटरवरून बेल्ट मागवणारे मी पाहिलेत.

जुनं यंत्र घेताना: आरसी, तास-मीटर, पट्ट्यांच्या भेगा, ड्रमचे झिजलेले दात आणि इंजिनचा थंड स्टार्ट. मालकाने तुम्ही येण्याआधी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, ते गार होऊ द्या.

## ९. पहिल्या खाचराची परीक्षा

यंत्र आलं की सगळं शेत एकदम देऊ नका. शिरायचा कोपरा आणि चारही टोकं विळ्याने आधी कापून ठेवा, वळायला दहा बाय वीस फूट तरी. दंव उडेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, थांबा. मग एक खाचर कापून घ्या आणि ड्रायव्हरला चहा द्या.

तोवर मोजा. विजेच्या कामाचा पीव्हीसी पाइप घेऊन मीटरभर बाजूची चौकट मुंबईतूनच करून आणा. न कापलेल्या भागात पाच ठिकाणी ठेवून आधीच गळलेले दाणे मोजा. मग यंत्र गेलेल्या भागात, मागे पडलेला पेंढा झटकून, पाच ठिकाणी मोजा. दोन्ही सरासऱ्यांतला फरक ही यंत्राची नासाडी. भाताचे चौरस मीटरला १०० दाणे म्हणजे एकरी सुमारे ९ किलो. सोयाबीनचे १०० दाणे म्हणजे एकरी ४५-५० किलो, कारण दाणा जड. एकरी १६ क्विंटल भात येत असेल तर ३ टक्के म्हणजे ४८ किलो, चौरस मीटरला पाचशेच्या वर दाणे. मी तिथे रेघ मारतो. त्यापुढे गेलं तर यंत्र लावून घेतल्याशिवाय दुसरं खाचर नाही.

काय लावायचं ते दाणेच सांगतात. पेंढ्यातल्या लोंब्यांना दाणे चिकटलेले असतील तर ड्रमचे फेरे वाढवा किंवा जाळीची फट कमी करा. टाकीत फुटके दाणे दिसले तर याच्या उलट. सुटे भरलेले दाणे मागून पडत असतील तर पंख्याचा वारा जास्त आहे किंवा यंत्र पळवलं जातंय. टाकीत फोलपट, काड्या येत असतील तर वारा कमी. कटर बारच्या समोरच गळत असेल तर रील फार जोरात फिरतेय, किंवा तुम्हीच उशीर केलाय.

ड्रायव्हर म्हणेल, साहेब, एवढं चालतंच. तो वेगाचे पैसे घेतो. चौकट त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच मोजायला लावा, वाद होत नाही.

थांबा. इंजिन चालू असताना अडकलेलं गवत काढायला कुणीही कटर बारला हात लावायचा नाही, ड्रायव्हरसुद्धा नाही. दिवाळीची सुट्टी असते, मुंबईहून आलेली पोरं यंत्रामागे धावतात. एक मोठं माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

## १०. टाकीतून खाली आलेलं भात

हार्वेस्टरचं भात ओलं असतं. ते पोत्यात भरून ओटीवर रचलं तर दुसऱ्या दिवशी हात घातला की गरम लागतं, तिसऱ्या दिवशी वास येतो. त्याच दिवशी ताडपत्रीवर दोन-तीन इंचांच्या थरात पसरा, तासातासाला पाय फिरवा, संध्याकाळी ढीग करून झाका. साठवायचं तर १४ टक्क्यांच्या खाली यायला हवं. सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचं तर १७ टक्क्यांच्या वर घेत नाहीत. म्हणून यंत्र बोलावण्याआधी ताडपत्र्या मोजा. साडेतीन एकरांचं भात पसरायला अंगण पुरत नाही, शाळेचं पटांगण किंवा देवळासमोरची जागा आधीच मागून ठेवावी लागते. तीही मिळत नसेल तर एका दिवशी सगळं कापू नका.

रविवारी रात्रीच्या गाडीने परतायचं असेल तर कापणी शनिवारी दुपारीच संपवा. दीड दिवसाचं ऊन तरी मिळतं, आणि उरलेलं सुकवायला मागे कोण थांबणार ते यंत्र ठरवतानाच विचारून ठेवलेलं असलं पाहिजे.